वर नाकेदार, खाली कोणी नाही

आमच्या घरमालकांइतका घराचा छळ करणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका घरावर जीव लावणाराही झाला नाही. जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी आर्णीला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले. तिशी उलटलेली, एकटी, आणि लग्नाचा विषय काढणाऱ्याला चहा न देता वाटेला लावणारी, ही माझी ख्याती माझ्याआधीच तिथे पोचली असावी, कारण खोली द्यायला कुणी तयार होईना. हे तयार झाले. गावात त्यांना नाकेदार म्हणत. जंगलखात्यातून निवृत्त झालेले, वय पासष्टीकडे झुकलेलं, अंगात मांस असं नाहीच, नुसत्या शिरा आणि हाडं. बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. खोली दाखवताना त्यांनी एकच अट घातली, "बाई, ठोकाठोकीचा आवाज होईन. चालत असंन तं राहा." मला वाटलं, चार दिवसांचं काम असेल. ती ठोकाठोकी मी सहा वर्षं ऐकली.

ह्या खोडीचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. तीस वर्षं ते ह्या नाक्यावरून त्या नाक्यावर, जंगलातल्या सरकारी झोपड्यांतून राहिले. चहूकडे साग उभा, पण भिंतीत एक खुंटी ठोकायची तर वरून परवानगी यायला हवी, आणि ती येईपर्यंत ह्यांची बदली झालेली असायची. "तीस सालं सदरा खाटेवर ठेवला बाई," ते म्हणत, "खुंटीच नव्हती." मग निवृत्त झाल्यावर आर्णीत हे कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छोटंसं घर घेतलं आणि पहिल्याच दिवशी एका भिंतीत अकरा खुंट्या ठोकल्या. घरात तेव्हा माणसं दोन, नवरा-बायको, टांगायचे कपडे तीन. उरलेल्या खुंट्यांवर त्यांनी कंदील, चाळणी, छत्री आणि एकीवर तर नुसती दुसरी एक खुंटी टांगली होती. तिचं काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "राहू द्या. पुढं लागते."

दाराचं तर विचारूच नका. मी राहायला आले तेव्हा घराचं दार पूर्वेला होतं. दिवाळीला ते उत्तरेला गेलं, कारण पूर्वेकडून रस्त्याची धूळ येते. पुढच्या वर्षी ते आणखी चार हात सरकलं, कारण उत्तरेकडून कुत्री येतात. पोस्टमन बिचारा जुन्या सवयीनं बुजवलेल्या भिंतीपुढे उभा राहून हाका मारी, आणि नाकेदारही आतून त्या भिंतीकडेच तोंड करून "आलो, आलो" म्हणत. समोर सुतारकाम करणारे एक चाचा राहायचे, नाकेदारांचे एकुलते एक दोस्त. चौकट दर वेळी तेच बसवत आणि ही शेवटची, अशी दर वेळी शपथ घेत. "मास्टरनी बाई," ते मला म्हणाले होते, "इस आदमी के घर में कील भी चैन से नहीं बैठती." एवढं बोलून पुढच्या चौकटीचं लाकूड पाहायला गेले.

एक दिवस मी शाळेतून आले तर माझ्या खोलीला खिडकी. सकाळी ती नव्हती. तिच्यातून घरमालकांच्या गायीनं मान आत घातलेली, आणि टेबलावर मी तपासायला ठेवलेला एका मुलीचा इतिहासाचा पेपर तिनं निम्मा खाल्लेला. मी इतकी भडकले की सांगता सोय नाही. म्हटलं, मला विचारायचं तरी होतं. नाकेदार हातातली छन्नी पुसत शांतपणे म्हणाले, "इचारलं असतं तं तुम्ही नाही म्हतलं असतं. आन् मंग उन्हाळाभर भाजल्या असत्या." खोली भट्टीसारखी तापायची हे खरंच होतं, आणि तसं मी त्यांच्यापाशी कधी बोलले नव्हते, हेही खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीला गज बसवले. त्या मुलीला मी गायीनं खाल्लेल्या उत्तरांचे पूर्ण गुण दिले.

त्यांना वय झाल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. कडुलिंबाखाली ओटा बांधायचा ठरला तेव्हा अरुणावतीच्या पात्रातून त्यांनी दगड डोक्यावर आणले, रोज चार. गाडी लावा म्हटलं तर म्हणत, गाडीवाला कोणताही दगड आणते. कंबर धरून बसले की मोहाचं तेल चोळत आणि वर मलाच समजावत, "कंबर दुखत नाही बाई, बोलते. लय दिवसांची चूप होती." एकदा शिडीवरून थेट कडब्याच्या गंजीवर कोसळले. मी धावत गेले. ते केसांतला कडबा झाडत उठले आणि म्हणाले, "पडलो नाही. उतरलो. जरा लवकर उतरलो इतकंच." त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं, तर पाटावर बसता येईना म्हणून उभ्यानंच जेवले, आणि जेवता जेवता माझ्या चुलीची जागा चुकली आहे असं सांगून गेले.

पण ह्या सगळ्या उद्योगांचा राजा म्हणजे कवेलू फेरणं. आमच्याकडे पावसाळ्याआधी हे करावंच लागतं. वर्षभर वांदरं छपरावर नाचून कवेलू फोडून, सरकवून ठेवतात. वैशाखात ते सगळे उतरवायचे, पालापाचोळा झाडायचा, खालच्या बांबूच्या कुजलेल्या कमच्या बदलायच्या, फुटके वेगळे काढायचे आणि पुन्हा एकेक ओळ लावत जायचं. ह्याला माणसं दोन लागतात. एकानं वर बसून लावायचं, दुसऱ्यानं खालून एकेक कवेलू वर फेकायचा. फेकणाऱ्याचा हात असा बसलेला हवा की कवेलू झेलणाऱ्याच्या ओंजळीत अलगद यावा. नाक्यांवर मजूर कुठले मिळायला? तीस वर्षं दर वैशाखात नाकेदार वर आणि त्यांची बायको खाली. ते वरून "टाक" म्हणत आणि ती टाकी. तीस वर्षांत तिच्या हातून सात कवेलू फुटले, असं ते सांगत. त्यातला प्रत्येक कुठल्या नाक्यावर फुटला तेही सांगत, आणि सांगताना हसत.

ती गेल्यावर खाली कुणी उरलं नाही. चाचा म्हणाले, मी टाकतो. एक दिवस टाकलेही. नाकेदार संध्याकाळी म्हणाले, "तुझा हात सुताराचा आहे. कवेलू खिळ्यासारखा येते." मजुराला वर चढवलं तर त्याचा पाय जड, कवेलू फुटायचे. शेजारच्या कुणी विचारलं तर, "काहून, मी काय म्हातारा झालो?" आणि मग एकटेच. टोपलीत दहा कवेलू भरायचे, टोपली दोराला बांधायची, शिडी चढायची, टोपली ओढून घ्यायची, दहा लावायचे, पुन्हा उतरायचं. घर छोटं असलं तरी कवेलू हजारांनी. काम पंधरा दिवसांच्या जागी दोन महिने चालायचं आणि गाव पैजा लावायचं की आधी पाऊस येतो की आधी नाकेदार उतरतात.

गावाला सर्वांत जास्त हसू यायचं ते एका गोष्टीचं. छपरावर बसल्या बसल्या, हातातले दहा संपले की, ते सवयीनं "टाक" म्हणत आणि दोन्ही हात पुढे करत. खाली कुणीच नसे. क्षणभर हात तसेच राहत. मग ते दोन्ही हातांनी टोपी नीट करत, जणू हात त्यासाठीच उचलले होते, आणि शिडी उतरू लागत. रस्त्यावरची माणसं ते पाहायला थांबत. पहिल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाहिलं तेव्हा मीही हसले होते. शाळेत इतर मास्तरणींना त्याची नक्कल करून दाखवली होती. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पहिल्या उन्हाळ्यात मी सुट्टीला माहेरी, अमरावतीला गेले होते. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात आई गेली. दादा-वहिनींनी बोलावलं होतं, वाईट कुणीच नव्हतं, पण ज्या घरात आपली वाट पाहणारं कुणी नाही तिथे पेटी घेऊन उतरायचं माझ्यानं होईना. मी आर्णीतच राहिले. शाळा बंद, मैत्रिणी आपापल्या गावी, बोलायला गाय आणि तिचे मालक. सकाळी उठून वेणी घालायची तर कुणासाठी, असं वाटावं असे ते दिवस. एका सकाळी मी अंगणात उभी होते. वरून आवाज आला, "टाक." मान वर केली तर दोन हात पुढे आलेले. माझ्या पायाशी कवेलूंची रास होती. का ते मला आजही सांगता यायचं नाही, मी पदर खोचला, एक कवेलू उचलला आणि वर फेकला.

तो त्यांच्या हातांत जाऊन बसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कवेलूकडे पाहिलं, तो ओळीत लावला आणि पुन्हा हात पुढे केले. दुपारपर्यंत ते "टाक" म्हणत राहिले आणि मी टाकत राहिले. मी चौदा फोडले. मला हाकलून देतील अशी मी वाट पाहत होते. खाली उतरल्यावर ते रांजणातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "हात थोडा उजवीकडं जाते. जमंन." एवढं कौतुक मला शाळेच्या इन्स्पेक्टरनंही कधी केलं नव्हतं. त्यानंतर चार उन्हाळे मी खाली उभी राहिले. शेवटच्या वर्षी माझ्या हातून एकही फुटला नाही, आणि ते तर कवेलूकडे बघतही नसत. समोर कुठेतरी नजर, आणि हात बरोबर जागेवर. मला वाटे, काय कसब आहे ह्या माणसाचं.

मग माझी बदली वणीकडे, राजूरजवळच्या एका गावी झाली. वैशाखात येते, असं वचन देऊन निघाले. नाकेदार म्हणाले, "तुम्ही नाही तं कोण टाकंन?" त्या वर्षी नेमकं भाचीचं लग्न निघालं आणि मी अमरावतीत अडकले. येता येत नाही म्हणून त्यांना कार्ड टाकलं. एरवी त्यांचं उत्तर आठ दिवसांत यायचं. ह्या वेळी आलं नाही. रागावले असतील, असं मला वाटलं.

आषाढात चार दिवसांची सुट्टी मिळाली तशी मी आर्णीला गेले. दार पुन्हा हललं नव्हतं, ह्याचंच मला आधी भय वाटलं. आत गेले तर नाकेदार खाटेवर, आणि खोलीभर भांडी मांडलेली: पातेलं, परात, बादली, गायीचं घमेलं. छप्पर ठिकठिकाणी गळत होतं. माझी जुनी खोली उघडून पाहिली तर ती कोरडी ठणठणीत. तिच्यावरचे कवेलू एकूण एक फेरलेले. खोलीत भाडेकरू नव्हता. कुणी ठेवलाच नव्हता. मी विचारलं, स्वतःची बाजू सोडून रिकामी खोली आधी का फेरली? ते म्हणाले, "तेवढीच झाली अवंदा. आन् ते गळाले लागली असती तं तुम्ही आल्यावर राह्यल्या कुठं असत्या?"

दुसऱ्या दिवशी उघाड होती. मी पदर खोचला आणि म्हटलं, शिडी लावा. ते चढले, फार हळू. वरून "टाक" आलं. पहिले दोन कवेलू नीट हातांत गेले. तिसरा मात्र, वर्षभराची सवय मोडलेली, माझ्या हातून वीतभर बाजूला गेला. त्यांचे हात जागचे हलले नाहीत. कवेलू त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला, छपराच्या पाख्यावर आपटला, घरंगळत अंगणात येऊन पडला आणि त्याचे तुकडे झाले. तरी हात तसेच पुढे. मग त्यांनी विचारलं, "फुटला काय?"

मी त्यांना खाली उतरवलं, एकेक पायरी सांगत. ओट्यावर बसल्यावर ते म्हणाले, "दोन सालं झाले बाई. धूसरच दिसते. अवंदा तं कार्डावरचं अक्षरही लागत नाही. पण तुमचा हात जिथं येते तिथं मी हात ठेवतो. कवेलू पाहा लागत नाही. दुसऱ्याचा हात मले मालूम नाही." मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, "सांगतलं असतं तं तुम्ही मले वर चढू देल्लं असतं काय?"

मी खूप रडले आणि त्यांना खूप बोलले. मग समोरून चाचांना बोलावलं. चाचा वर बसले, मी खाली, आणि नाकेदार कडुलिंबाखालच्या त्यांच्या ओट्यावर. पहिला कवेलू उचलला आणि चाचांनी काही म्हणायच्या आत ओट्यावरून आवाज आला, "टाक." पुढचा उचलला, पुन्हा "टाक." दिसत नव्हतं, पण वेळ एकदाही चुकली नाही. चाचा वरून म्हणाले, "अब तो चैन से बैठ." ते बसूनच होते. गळत होतं तेवढं छप्पर दोन दिवसांत झालं. पुढचा उन्हाळा आम्ही तिघांनी तसाच केला. त्याच्या पुढचा त्यांना लाभला नाही.

घर कुणीतरी घेतलं आणि वर टिनाचे पत्रे टाकले, असं चाचांनी कळवलं. माझं आता स्वतःचं घर आहे, वर पक्का स्लॅब. गळत नाही, फेरावा लागत नाही, कुणाला चढावं लागत नाही. वैशाख येतो, मी सकाळी अंगणात येऊन उभी राहते, आणि मला काही काम नसतं.