हौसाक्कांचं रिकामं शेड

हौसाक्का होत्या तोवर त्यांच्या दारात आलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगायची संधी फार उशिरा मिळे. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलासा?" हो म्हणा, नाही म्हणा, तवा चढलेलाच असे. मी वारणानगरच्या कॉलेजातून निवृत्त होऊन कोल्हापुरात आलो. त्यांना अर्ज लिहून देणारा माणूस हवाय असं कळलं, म्हणून गेलो. अर्ज राहिला बाजूला, आधी दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. "पोटात न्हाय त्यो काय लिवणार?" असं त्यांचं म्हणणं.

शिरोलीत एका फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये भाकरी थापण्यात आक्कांची हयात गेली होती. नोकरी संपल्यावर त्यांनी एमआयडीसीजवळ पत्र्याचं एक मोठं शेड भाड्यानं घेतलं. एका अंगाला स्वयंपाक, दुसऱ्या अंगाला पडदे लावून नऊ कुटुंबांचे संसार. कुणाचं शिरोळकडचं घर पुरात गेलेलं, कुणाला काम सुटल्यावर मालकानं खोलीबाहेर काढलेलं. वर्गणीवर चाललं तोवर चाललं. मग ती आटली, भाडं थकलं आणि शेडच्या मालकानं ऐन पावसाळ्याच्या तोंडावर जागा सोडायला सांगितलं. पुण्याची एक संस्था अन्न आणि निवाऱ्याच्या कामाला अनुदान देते, असं मला कळलं होतं. दुसरी आशा नव्हती.

मी प्रस्ताव लिहून आक्कांना वाचून दाखवला. 'भुकेने व्याकूळ' आणि 'निराधार' ऐकताच त्या उसळल्या. "सर, माझ्या दारात कोण उपाशी हाय? आनि निराधार कशानं? मी मेले व्हय?" मी निमूट दोन्ही शब्द खोडले. कॉलेजात एवढी वर्षं मी पोरांचे पेपर तपासले, पण माझा पेपर कुणी असा तपासला नव्हता.

पाहणीला पुण्याहून संस्थेच्या बाई येणार म्हटल्यावर आक्का कंबर कसून कामाला लागल्या. पाहुणा येणार म्हणजे घरातली अडगळ नजरेआड करायची, ही आपल्याकडची रीत. आक्कांनी फरशी धुतली, पडदे उतरवले, गाठोडी मागं लपवली आणि नऊच्या नऊ घरं पोराबाळांसकट पलीकडच्या देवळात धाडून दिली. मी पोचलो तेव्हा बाई आलेल्या होत्या आणि शेड लख्ख, रिकामं होतं.

"इथं राहतं कोण?" बाईंनी विचारलं.

"हाईत की," आक्का अभिमानानं म्हणाल्या. "पर कुणाला कायबी कमी न्हाय बघा!"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मध्ये पडायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "सर, मला दिसतं तेच लिहावं लागतं." नियमामुळं त्यांनी चहासुद्धा नाकारला, तेव्हा मात्र आक्कांचा चेहरा पडला.

बाई उठणार, तोच देवळाकडून माणसांची रांग आली. सगळ्यांना बाहेर घालवतानाही आक्कांनी बजावलं होतं, "एक वाजता जेवायला या." म्हातारे, काखेत पोरं घेतलेल्या बाया, सगळे आपापली ताटं घेऊन खाली बसले.

"ही कोण माणसं?"

"आमचीच हाईत," आक्का ओशाळून म्हणाल्या. "तुमास्नी गर्दीचा तरास नगं म्हणून जरा भाईर धाडलंतं."

बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की आक्काही हसायला लागल्या. मग बाई पंक्तीत मांडी घालून बसल्या. जेवल्या नाहीत, पण एकेकाशी बोलल्या, आणि आधीचं लिहिलेलं माझ्यादेखत खोडलं.

पंधरवड्यानं मंजुरीचं पत्र आलं. वर्षभराचं भाडं आणि धान्य. वाचताना मला एकदम हलकं वाटलं.

"म्हंजे आता कुणालाच जावं लागत न्हाय?" आक्कांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

त्या तांदळाच्या पोत्यांना टेकून खाली बसल्या. "सर, माझ्या घरातली फुडली खोली मी रिकामी करून ठिवलीती. दोन घरं मावली असती. बाकीच्या सातांस्नी न्हाय कुठल्या तोंडानं म्हनायचं, ह्येच म्हैनाभर ठरत नव्हतं. डोळ्याला डोळा न्हाय माझ्या."

बोलता बोलता त्यांचं डोकं पोत्यावर कललं आणि त्या चक्क घोरायला लागल्या. पोरांनी दंगा मांडला, तव्यावर भाकरी करपली, तरी जाग नाही. मग बायांनी पोरांना गप्प केलं, आणि त्या दुपारी आम्ही सगळे आपल्या हातानं वाढून घेऊन, ताटांचा आवाज न करता जेवलो.