देव्हाऱ्यासमोर चप्पल

आमच्या घरात चप्पल दाराबाहेर राहते. सासूबाईंनी हा नियम गावाकडून रुआबांध्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये जसाच्या तसा आणला. सैपाकघरात तर विचारायलाच नको, ओट्याला लागूनच देव्हारा. लग्न होऊन आले तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा टाचा माझं ऐकत होत्या.

पुढे त्या फिरल्या. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळ्यावर पाय पडल्यासारखं व्हायचं. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचं, मग कामाच्या रेट्यात दुपारपर्यंत जरा सुटायचं. जो तो वैद्य झाला. गरम विटेवर रुईची पानं ठेवून शेक, तिळाचं तेल चोळ. नवरा पोलादाच्या प्लांटमधला, तो म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यायच्याच टाचा दुखतात, सेफ्टी शूजमुळं."

"मग मी का सेफ्टी शूज घालून पोळ्या लाटून राहिली?" मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनीही टाचेचेच फोटो काढले, टाचेतच इंजेक्शन दिलं. सकाळी पाठ आखडते हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाईची पाठ दुखतेच, त्यात सांगायचं काय! शेवटी पायाचं एक बोट वांग्यासारखं सुजलं, तेव्हा नवऱ्याने रायपूरला सांध्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाय नंतर पाहिले, आधी मला वाकायला सांगितलं. मी गुडघ्यांपर्यंतसुद्धा पोचले नाही. मणक्यांचा संधिवात, ते म्हणाले, टाचेची सूज त्यातलीच. औषधाने आवरता येईल, पण आखडलेलं सगळं सुटेलच असं नाही. आणि अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा मऊ चप्पल हवी.

घरी येऊन मी हे सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाकी घरात घाल. सैपाकघरात देव आहेत."

आता बाकी घरात मी असते कधी? दिवस जातो ओट्यापाशी. मी जाड मोजे घालून उभी राहू लागले आणि मनातल्या मनात देवांशी भांडू लागले.

त्यातच महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे अंगणातल्या तुळशीपासून मुखवटे वाजतगाजत आत आणायचे, आणि ज्येष्ठेचा मुखवटा मोठ्या सुनेच्या हातात. तो मान माझा. बाकी मानपान मी कधी मोजले नाहीत, हा मात्र मला जिवापाड हवा होता. त्या एका संध्याकाळी अख्खं घर माझ्या पावलांमागे चालायचं.

"यंदा तुले जमन का?" सासूबाईंनी विचारलं.

"कावून नाही जमणार?" मी ताडकन म्हटलं.

अनवाणी निघाले. जमिनीवर कुंकवाची पावलं काढली होती, त्यांवरून जायचं होतं, पण ताठ पाठीने हातात मुखवटा धरून मला ती दिसेचनात. मागे धाकटी जाऊ कनिष्ठेचा मुखवटा घेऊन. ताटल्या वाजत होत्या. सासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "लक्ष्मी आली कशाच्या पायी?"

"सोन्याच्या पायी," मी म्हटलं, आणि उंबऱ्यावर पाय उचलेना. ताटल्या थांबल्या. जाऊ हलकेच म्हणाली, "दीदी, मी धरू का?" मी दात आवळून पाय आत टाकला. मुखवटा जागेवर बसवला. बायका वा वा करत होत्या, आणि मला फक्त खाली बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, महाजेवणाच्या दिवशी, मी पलंगावरून उठूच शकले नाही. बाहेर पंगती बसल्या. पुरणाचा वास खोलीपर्यंत येत होता. कुणीतरी विचारलं, "मोठी सून दिसत नाही?"

"तिचे पाय गेले आता," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पंगती उठल्यावर त्या माझं ताट घेऊन आल्या. दुसऱ्या हातात माझी बाहेरची चप्पल होती, ओल्या फडक्याने पुसलेली. ती त्यांनी पलंगाशी ठेवली.

"आजपासून सैपाकघरात बी घाल," त्या म्हणाल्या.

"आई, अन् देव?"

"लेकराले अन् बिमाराले देव काही म्हणत नाई." त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "पुढल्या साली मोठी लक्ष्मी धाकटीच्या हाती देऊ. तू आरामानं बसून पाह्यजो."

हवी होती ती परवानगी मिळाली होती. त्या बदल्यात मुखवट्याचा मान गेला होता. सासूबाई पाणी आणायला गेल्या, तेवढ्यात मी रडून घेतलं.