विहिरीचं पाणी चाखणारा
चिंचेनं तांब्या घासताना तो आंबट वास आला, की पिंपरीचा आमचा मळा आठवतो. एकोणीसशे पन्नास सालानंतर, वडील गेल्यावर, आईनं तो विकायला काढला. कारखाने येणार याची कुणकुण आम्हाला नव्हती. पुण्याच्या गिऱ्हाइकानं जास्त किंमत सांगितली, तर दलाल आईला हळूच म्हणाला, "वैनी, त्यानं विहिरीत डोकावलंसुदा न्हाई. कायतरी काळंबेरं हाय." दुसऱ्यानं कमी सांगितली, पण याच तांब्यानं पाणी पिऊन "अमृत हाय" म्हणाला. आईनं त्यालाच मळा दिला. वर्षभरात त्यानं तो कारखान्याला विकला, विहीर स्वतः बुजवून. तो दलालाचा मेहुणा निघाला. आजही घरी कुणी पाण्याचं फार कौतुक केलं, की मी तांब्या उचलून आत ठेवते.