टाकीतली गुरं

आमच्या भाऊजींना कॉलेजात सगळे पंपमामा म्हणतात. पंप त्यांच्याकडे आहे हे खरं, पण तो नावापुरता. त्यांचं खरं काम हॉस्टेलच्या मागं, जाळीच्या कुंपणाआड. सगळ्या हॉस्टेलचा मैला तिथल्या मोठ्या टाकीत येतो आणि दुसऱ्या टोकाला बागेला घालण्याजोगं पाणी होऊन बाहेर पडतो. हे चारचौघांत सांगायची भाऊजींना भारी लाज. कुणी विचारलं की म्हणायचे, "पाण्याच्या खात्यात आहे." मी त्यांची थोरली भावजय, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरते. मला कसली आलीय लाज? मी सरळ सांगायची, आमचे दीर घाण साफ करतात. मग दोन दिवस त्यांचा अबोला.

टाकीतली घाण खातात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. भाऊजी त्यांना गुरं म्हणतात. "वहिनी, आज गुरं खुशीत आहेत," असं म्हणून काचेच्या बरणीत टाकीचं पाणी घेऊन उजेडात धरायचे. गाळ तपकिरी, वास पावसाळी मातीचा, म्हणजे सगळं ठीक. या गुरांना दोन गोष्टी लागतात, खाणं आणि हवा. सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं की घाणच येत नाही, म्हणून भाऊजी शेजारच्या गोठ्यातून शेण आणून साखरेच्या पाण्यात कालवून टाकीत सोडतात. आणि हवेसाठी एक मशीन आहे, ते टाकीच्या तळातून बुडबुडे सोडत राहतं. ते थांबलं की गुरं गुदमरतात. माणसाचा श्वास थांबला की माणूस जातो, तसंच.

ही टाकी होण्याआधी सगळी घाण सरळ ओढ्यात जायची. ओढा आमच्या वस्तीला लागून वाहतो आणि वस्तीची विहीर ओढ्याच्या काठावर. माझी धाकटी जाऊ, भाऊजींची बायको, त्या पाण्यानं कावीळ होऊन गेली, त्यांची पोर जेमतेम चालायला लागली होती तेव्हा. टाकी झाली तशी भाऊजींनी स्वतः साहेबांच्या मागं लागून हे काम मागून घेतलं. लोक म्हणाले, डोकं फिरलंय याचं. मीही म्हणाले. पण तेव्हापासून वस्तीत त्या पाण्यानं कुणी आजारी पडलं नाही. संस्थेच्या लोकांना मात्र टाकी नकोशीच. मागं एकदा मशीन बिघडून वास सुटला, पाहुण्यांसमोर शोभा झाली, तेव्हा अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं होतं, "पुन्हा वास आला तर टाकी बुजवून टाकीन आणि लाइन पूर्वीसारखी ओढ्याला जोडीन."

पोरीला घरात आम्ही वकील म्हणतो. बोलायला लागली तेव्हापासून वाद घालतेय. ती त्याच कॉलेजात शिकते आणि तिथल्या पर्यावरण गटाची म्होरकी आहे. आई कशानं गेली हे तिला ठाऊक आहे, त्यामुळं पाणी, झाडं, धूर, वीज असं काही निघालं की हिला जेवणाची शुद्ध राहत नाही. बापाला पोरीचा केवढा अभिमान! आणि पोरीला बापाचं काम नेमकं काय, याचा पत्ता नाही. एकाच आवारात दोघं, पण कुंपणाच्या आत तिला कधी येऊ दिलं नाही. "वास असतो, शिकणाऱ्या मुलीचं काय काम तिथं," म्हणे.

या सुट्टीत त्यांच्या गटानं टूम काढली, कॉलेजची वीज पूर्ण बंद ठेवायची. सगळ्या कॉलेजांची मिळून चढाओढ होती, कुणाचं मीटर सगळ्यात कमी फिरतं याची. डिझेलचा जनरेटरही चालवायचा नाही. पोरगी मूर्ख नाही हो. खात्याखात्यात जाऊन तिनं विचारलं होतं, तुमचं काय बंद करता येणार नाही? प्रयोगशाळेतल्या फ्रिजला वेगळी वीज ठेवली, पहारेकऱ्याच्या दिव्याला ठेवली. मग एका संध्याकाळी मैत्रिणींना घेऊन घरी आली. जेवताना म्हणाली, "माझे बाबा सगळ्या कॉलेजचं पाणी सांभाळतात." आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हॉस्टेल रिकामं आहे, तुमच्याकडचं सगळं दोन दिवस बंद राहिलं तर चालेल ना?"

मी भाकरी थापता थापता थांबले. भाऊजींनी त्या चार मुलींकडे पाहिलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालेल की."

मुली गेल्यावर मी त्यांना फाडून खाल्लं. तोंडाला काय कुलूप लागलं होतं का? म्हणाले, "वहिनी, जेवायला बसलेल्या पोरींसमोर काय सांगू, की मी यांच्या संडासातली घाण सांभाळतो? दोन दिवसांचा प्रश्न आहे. बादलीनं पाणी वर काढून उंचावरून ओतलं की थोडी हवा जाते. मी निभावून नेईन." आणि वर मला स्वतःच्या गळ्याची शपथ घालून मोकळे झाले, पोरीला यातलं काही सांगायचं नाही म्हणून.

दोन दिवस त्यांनी खरंच निभावलं. टाकीच्या कठड्यावर उभं राहून बादली खाली सोडायची, वर ओढायची, डोक्याएवढ्या उंचीवरून ओतायची. अंगावर शिंतोडे, हाताला फोड. मी डबा घेऊन जायची तर घास हातात धरवत नव्हता. पण बरणीतला गाळ तपकिरी होता, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वीज येणार होती.

तिसऱ्या दिवशी वीज आली नाही. आमचं कॉलेज पुढं आहे म्हटल्यावर गटानं टाळ्या वाजवून ठरवलं, आता हॉस्टेल उघडेपर्यंत बंदच ठेवायची. मुख्य स्विचला कागदी सील लावलं, प्राचार्यांची सही घेतली. भाऊजी तसेच ओल्या कपड्यांनी इमारतींच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "अहो, मुलीला विचारा की, तिचाच कार्यक्रम आहे." मग गटानं आवारात मंडप घातला होता, त्याच्या दारापर्यंत गेले. आत पोरगी बोलत होती, सगळे माना डोलवत होते. भाऊजी दाराशी उभे राहिले आणि परत फिरले.

"अहो, काय म्हणावं तुम्हाला?" मी म्हटलं. "आत जायला पाय मोडले होते का?"

"अंगाला वास येत होता, वहिनी," ते म्हणाले. "ती सगळ्यांसमोर उभी होती."

मला इतका संताप आला की रडू फुटलं. पुढचे दिवस नुसती तडफड. मी पदर खोचून दुसरी बादली घेतली. पण एवढी थोरली टाकी, त्यात दोन माणसांच्या बादल्या, काय पुरणार होत्या? गाळ आधी मळकट झाला, मग करडा. मातीचा वास गेला. भाऊजी बरणी उजेडात धरायचे आणि मला न दाखवताच ओतून टाकायचे. खाणं त्यांनी सोडलंच.

शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेली ती शपथ. तडक मंडपात गेले आणि पोरीला दंडाला धरून बाहेर काढलं. काही सांगितलं नाही, नुसती ओढत कुंपणाच्या आत नेली. भाऊजी कठड्यावर बसले होते, बादली मांडीवर, गुडघ्यापर्यंत बरबटलेले. आम्हाला बघून उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले.

"बाबा, हे काय आहे?"

मीच सांगितलं सगळं. घाण कुठून येते, गुरं म्हणजे काय, हवेचं मशीन कशावर चालतं, ओढा कुठं जातो. तिचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना. सगळं ऐकून घेतल्यावर ती बापाला एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं ना बाबा? विचारलं होतं ना मी?"

मग ती पळाली. सगळ्या गटासमोर तिनं सील फाडलं आणि स्विच वर केला. गलका झाला, कुणी तिला गद्दारही म्हणालं म्हणे. इकडे मशीन सुरू झालं, टाकीभर बुडबुडे आले आणि तळातला गाळ ढवळून वर आला. काळा होता, डांबरासारखा. सडक्या अंड्यांचा वास असा भपकन आला की मी तोंडाला पदर लावला. पोरगी धापा टाकत परत आली, तिनंच शेण कालवलं, साखर ओतली, कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. दोन दिवस तिथून हलली नाही. गाळ काळाच राहिला.

"मेली सगळी," भाऊजी म्हणाले. "नवी पोसायला दोन-अडीच महिने लागतील."

पोरगी प्राचार्यांच्या पाया पडायची बाकी राहिली. हॉस्टेल निदान महिनाभर तरी उशिरा उघडा म्हणून तिनं परोपरीनं विनवलं. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, त्यांनी ऐकलं नाही. अध्यक्षांना वास पोचलाच होता. काल त्यांची चिठ्ठी आली, लाइन ओढ्याला सोडा, टाकीचं पुढं बघू.

आज सकाळी मुलं आली. बॅगा, हाका, नळ, आंघोळी, सगळं एकदम सुरू झालं. टाकी काठोकाठ भरायला लागली. ओढ्याकडची झडप उघडली नाही तर घाण हॉस्टेलच्या अंगणात येणार, उघडली तर ओढ्यात जाणार. भाऊजींनी झडपेच्या चाकावर हात ठेवला, पण फोड फुटलेल्या हातांना जोरच लावता येईना. की लावायचाच नव्हता, देव जाणे. पोरगी पुढं झाली. तिनं बापाच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं. आतून घाण वाहायचा आवाज आला. दोघांपैकी कुणीही रडलं नाही, मला वाटतं रडायचं संपलं होतं.

मी वस्तीकडे धावले. घराघरात जाऊन सांगितलं, आहे ते पाणी भरून ठेवा, विहिरीचं आजपासून पिऊ नका, पोरांना ओढ्यावर सोडू नका. कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून पोटुशी आहे. ती घागर घेऊन दारातच उभी होती.

"कुणी सोडली हो घाण?" तिनं विचारलं.

"आम्ही," मी म्हटलं. "आमच्याच घरच्यांनी."