स्मशानाची किल्ली

गावच्या सत्कारात, गावचा कारभार हाकणाऱ्या शेठनं पहिली शाल सीए झालेल्या पोराच्या खांद्यावर घातली. दुसरी पोलीस भरतीत लागलेल्या पोरीच्या. पाठ थोपटली, फोटो काढले. माझं नाव पुकारलं तेव्हा मात्र शाल त्याच्या हातातच राहिली. टोकाला धरून त्यानं ती माझ्या आईपुढे केली.

"घाल गो तूच. तुझीच पोर हाय."

टाळ्या पडल्या. आईचा मान ठेवला म्हणे! आम्ही खारबावजवळच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातली माणसं. अंगाला हात न लावता मान कसा ठेवतात, ते आम्हाला बरोबर कळतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सत्कार कशाचा, तर मी परदेशात शिकून आले त्याचा. शिष्यवृत्ती मिळाली होती. लढाईनं मोडलेला एक छोटा देश. मोडलेलं राज्य पुन्हा कसं उभं करायचं आणि माणसाचे हक्क, हा विषय. सकाळी वर्ग, दुपारी तिथल्या लोकांसाठी श्रमदान. माझ्या वाट्याला कबरस्तान आलं. एकमेकांची घरं जाळलेल्या दोन समाजांनी मधलं कुंपण काढून ते एक केलं होतं. मी गवत उपटायचे. मुलगा गमावलेली एक म्हातारी तिथे यायची. माझे गारठलेले, मातीनं भरलेले हात स्वतःच्या हातात घेऊन चोळायची. तिची भाषा मला कळत नव्हती. खोलीवर येऊन मी रडायचे, कारण मला माझी आजी आठवायची.

आजी ऐन आषाढात गेली. गावच्या स्मशानात सरकारी पैशानं बांधलेली पत्र्याची शेड आहे. तिच्या जाळीच्या दाराला कुलूप आणि किल्ली शेठकडे. बाबा किल्ली मागायला गेले.

"तुमची जागा तिकडं खाली," शेठ एवढंच म्हणाला.

खाली, उघड्यावर. लाकडं पेट घेईनात. बाबा आणि काका ताडपत्री धरून उभे. रॉकेल ओतलं. टायर टाकले. तरी आजी धड जळली नाही. शेड दहा पावलांवर कोरडी ठणठणीत होती.

हे सगळं डोक्यात असतानाच सत्कारात माझ्या हातात माईक दिला. दोन शब्द बोल म्हणाले. मी शाल काढून टेबलावर ठेवली.

"शेठ, शाल नको. शेडची किल्ली द्या. आमचं पुढचं मयत आत जळंल."

शेठ हसला.

"बाहेरून शिकून आली, आता आपल्याला शिकवते."

आईनं माझा हात ओढला. "चल बाय, खाली उतर. सकाळी मला कामाला जायचंय."

आई दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला जाते. बायकांना नेणारी गाडी शेठची.

सकाळी गाडी आली. ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, "मौसी, तेरेको नहीं लेने को बोला है." बाकीच्या बायका माना खाली घालून बसून राहिल्या. गाडी गेली. आई हातात डबा घेऊन रस्त्यावर उभी. नंतर घरात येऊन तिनं माझ्याशी अबोला धरला. मला ते शालीपेक्षा जास्त लागलं.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी भाकरी थापताना, परातीतून नजर न काढता ती बोलली.

"मी मेले तं मला आत जाळशील?"

"तू मरायची वाट बघत बसू का मी?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भिवंडीला गेलो. पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत शेडच्या कुलपाची तक्रार दिली. माझ्या आधी आईनं सही केली.

आता शेठचे निरोप येतात. मिटवून टाक, आईला गाडीत घेतो. परदेशातूनही बोलावणं आलंय, पुढच्या वर्षाच्या शिक्षणाचं. मी दोघांनाही नकार कळवलाय. तिथलं गवत उपटायला तिथली माणसं आहेत. इथलं कुलूप इथंच लटकतंय.

शेठकडे मी आता किल्ली मागणार नाही. कुलूप निघेल ते सरकारी माणसांसमोर, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. आणि आत पहिलं आमचं मयत जाणार नाही. आधी माझी आई जाईल. स्वतःच्या पायांनी.