एकशे दहाचं जेट

दोन कार्बोरेटर माझ्यापुढच्या ट्रेमध्ये होते. एक पलूसच्या सुभेदारांच्या जुन्या मोटरसायकलचा, बोल्टाच्या कानाजवळ तडा गेलेला. दुसरा अण्णांनी जुन्या बाजारातून आणलेला. गाडी तीच, पण पुढच्या सालातली. अण्णा म्हणाले, जेवणाच्या आत हा धुऊन दे, सुभेदार थांबलेत.

अण्णा म्हणजे सांगलीतल्या आमच्या गॅरेजचे मालक आणि मिस्त्रीही. मी तिथं पार्ट धुते. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो. त्याच्या पोटात हरभऱ्याएवढं पितळी बोंड असतं, त्याला आरपार भोक. ते मेन जेट. भोक केवढं आहे तो आकडा जेटवरच कोरलेला असतो. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण आकडे चुकत नाहीत.

तडा गेलेल्यातल्या जेटवर एकशे चाळीस होतं. आणलेल्यातल्या जेटवर एकशे दहा.

या गाडीची दोन्ही सालांची इंजिनं माझ्या हाताखालून गेली आहेत. बाहेरून फरक कळत नाही. आत सिलिंडरला खिडक्या असतात, त्यांतून गॅस आत-बाहेर होतो. पहिल्या सालात त्या उंच आहेत, बोट घातलं की समजतं. पुढं पेट्रोल वाचावं म्हणून खिडक्या बुटक्या केल्या आणि जेटही बारीक केलं. सुभेदारांचं इंजिन पहिल्या सालातलं, त्याची भूक मोठी. शिवाय टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मग मागचं चाक चालत्या गाडीत जागेवर थांबतं.

उपाय दोन मिनिटांचा होता. दोन्ही जेटचे आटे सारखेच, जुनं काढून नव्यात बसवायचं. पण मागं एकदा मी न विचारता एक स्क्रू फिरवला होता, तेव्हा अण्णांनी मला गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. धुणं तुझं, ट्यूनिंग माझं, असं ते म्हणाले होते. म्हणून मी विचारायला गेले.

अण्णा टायरमध्ये हवा भरत होते. भोवती चार माणसं उभी होती. कॉम्प्रेसर धडधडत होता.

"अण्णा, ह्येचं जेट बारीक हाय," मी म्हणाले.

"काय म्हनलीस?"

चौघंही माझ्याकडं बघायला लागले. माझे कान तापले.

"काय न्हाई," मी म्हणाले.

परत येऊन एकशे दहाचं जेट फडक्यानं पुसलं आणि होतं तिथंच घट्ट केलं.

अण्णांनी गाडी बाजारातून एक फेरी फिरवून आणली. झकास चालली. चालणारच. गावात ॲक्सिलेटर थोडाच पिळतो, तेव्हा दुसरं बारकं जेट काम करतं. मेन जेटची पाळी मूठ पूर्ण पिळल्यावर येते.

सुभेदारांच्या बायको, काकू, आमच्या बाकावर बसल्या होत्या. हळद-गूळ घ्यायला सोबत आलेल्या. फौजेतल्या पहिल्या मोठ्या सुट्टीत घेतलेली गाडी, नंतर वीस वर्षं शेडमध्ये पोत्यांखाली पडलेली, असं त्यांनीच मला सांगितलं. मी यष्टीनं जाते म्हणत होत्या. सुभेदार म्हणाले, "बस की गं. लगीन झाल्यावर उतरत नव्हतीस." काकू पदर तोंडाला लावून हसल्या आणि मागं बसल्या.

पलूसच्या अलीकडं सरळ रस्ता लागला आणि सुभेदारांनी मूठ पिळली. थोड्या वेळानं चाक थांबलं. सुभेदार उसाच्या कडेला पडले, हात सोलले. काकू डांबरावर पडल्या. खुबा मोडला.

गाडी टेम्पोतून परत आली. अण्णांनी सिलिंडर काढला. पिस्टनवर उभे ओरखडे, डोकं पांढरं. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी पडलं. अण्णांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. सुभेदारांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याला अण्णा म्हणाले, "जुनं इंजिन हाय, धरतं कवा कवा. वेळंत क्लच दाबला असता तर चाक मोकळं झालं असतं."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच वाईट होतं.

पुढच्या आठवड्यात मुलगा गाडी न्यायला आला. वडील नीट जेवत नाहीत म्हणाला. माझा हात उशिरा गेला, एवढंच घोकतात. आई त्यांच्याशी बोलत नाही. अण्णा साबणानं हात धूत राहिले.

एकशे दहाचं जेट मी गाडी खोलली तेव्हाच काढून ठेवलं होतं. रविवारी दोन्ही जेट रुमालात बांधली आणि यष्टीनं पलूसला गेले. काकू कॉटवर होत्या, सुभेदार पायथ्याशी खुर्चीवर. मी दोन्ही जेट सुभेदारांच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले. मला नीट सांगता येईना, दोनदा सांगावं लागलं.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आन तरी घट्ट केलंस."

"व्हय."

काकू वर पत्र्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी ह्येंनी न्हाई पाडलं मला."

मग त्यांनी मान नवऱ्याकडं वळवली. "जेवा आता," म्हणाल्या. आणि मला, "तू जा, बाई."

अण्णांना ते चार दिवसांत कळलं. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. कामावरून काढलं नाही. आता जुन्या गाडीचा कार्बोरेटर बदलायचा असला की दोन्ही जेट माझ्यापुढं टाकतात आणि "वाच" म्हणतात. मी वाचते. सुभेदार परत आले नाहीत. काकू वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येतात, असं त्यांच्या गावचं एक गिऱ्हाईक म्हणालं.

कार्बोरेटर बोल्टाला बसला म्हणजे इंजिनाला बसला असं नसतं. आकडा बघावा, आणि चुकीचा दिसला तर गाडी गॅरेजात असतानाच बोलावं. नंतर सांगितलेलंही खरंच असतं, पण मोडलेल्या खुब्याला त्याचा उपयोग नाही.