उंदरांचा बझर आणि आबासाहेबांचा चहा

एलिझाबेथ भिंगारदिवे मूळच्या कोल्हारच्या. नगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. बाहत्तर साली, ऐन दुष्काळात, त्यांनी पांढऱ्या उंदरांवर प्रयोग मांडला आणि डोक्याला ताप करून घेतला.

पहिला ताप घरातूनच. "आमी रेशनची लाल मिलो जवारी खातो, अन् तू उंदरांना शेंगदानं घालती व्हय?" आई विचारायची.

"अगं, शेंगदाणा मिळाल्याशिवाय तो दांडी दाबेल कशाला?"

प्रयोग तसा साधा होता. पिंजऱ्यातली दांडी दाबली की उंदराला शेंगदाण्याचा तुकडा मिळायचा. ते अंगवळणी पडलं की बाई दांडी काढून घेत, बझर वाजवत आणि पाठोपाठ पायाखालच्या तारांतून विजेचा हलका चटका देत. मग दांडी पुन्हा बसवत. आता ती दाबली की शेंगदाणा मिळे, पण बझरही वाजे. चटका मात्र बंद. नुसत्या आवाजाच्या धाकाने उंदीर दांडीपासून किती काळ लांब राहतो, हे त्यांना पाहायचं होतं.

पण भिंतीपलीकडे प्राचार्य आबासाहेबांची खोली होती आणि शिपाई पुंजारामला बोलवायला त्यांच्याकडे तसलाच बझर. चहाला बझर, फायलीला बझर, खिडकी लावायला बझर. उंदीर दिवसभर तो आवाज ऐकत आणि चटका काही बसत नसे. थोड्याच दिवसांत त्यांचा धाक पार गेला.

बाई तक्रार घेऊन गेल्या. "सर, तुमच्या बझरने माझा प्रयोग बिघडतोय."

"मग उंदरांपायी मी चहा सोडू?"

"नका सोडू. पुंजारामला हाक मारा."

"प्राचार्यानं हाका मारायच्या?"

वर एके दिवशी आबासाहेब पाहुणे घेऊन आले. "पाहा, शिक्षेच्या नुसत्या इशाऱ्याने शिस्त कशी लागते!" उंदराने दांडी दाबली. बझर वाजला. त्याने निवांत शेंगदाणा खाल्ला आणि पुन्हा दांडी दाबली. पाहुणे हसू लागले. आबासाहेब लालबुंद.

बाईंचा संयम सुटला. "बझर काढ," त्या पुंजारामला म्हणाल्या.

"न्हाई बाई, नोकरी जाईल माझी."

मधल्या सुट्टीत त्यांनीच पेचकसाने तारा सोडवल्या आणि आबासाहेबांच्या टेबलावर पितळी घंटी ठेवली. आबासाहेब आले, बटण दाबत राहिले आणि शेवटी ओरडले, "भिंगारदिवेबाई!"

"आले सर," बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या. "बघा, हाक ऐकू येते."

आबासाहेब धुसफुसले, पण घंटी वाजवू लागले.

नवे उंदीर आणून बाईंनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी बझर वाजताच उंदीर दांडी सोडून कोपऱ्यात दबून बसायचे. भुकेले असूनही पुढे यायचे नाहीत. मात्र चटका बसत नाही म्हटल्यावर हळूहळू हुंगत आले, दाबून पळाले, पुन्हा आले. शेवटी सगळं पूर्ववत.

अहवाल वाचून आबासाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे धाक टिकत नाही?"

"मागे खरा चटका नसेल, तर नाही टिकत."

"हे वाक्य गाळा. मुलांवर काय परिणाम होईल?"

"सर, उंदरांनी केलं ते लिहिलंय. वेगळं हवं असेल तर तुम्ही बसा पिंजऱ्यात."

दाराशी पुंजारामला जोराचा खोकला आला.

वाक्य राहिलं. पुढच्या वर्षी बाईंची प्रयोगशाळा सायकल स्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत हलवली गेली. उन्हाळ्यात त्या ओली पोती छपरावर टाकायच्या, आबासाहेबांच्या नावाने बडबडत, आणि उंदरांना पाणी पाजायच्या.